'मिलेनियम'चा तिसरा खंड अर्ध्यात अडला असेल तर

प्रश्न असा आहे: "स्टीग लार्सनच्या 'मिलेनियम' त्रयीतली पहिली दोन पुस्तकं झपाटल्यासारखी वाचली. तिसरं, 'द गर्ल हू किक्ड द हॉर्नेट्स नेस्ट', दोनशे पानांवर अडलंय. नायिका हॉस्पिटलमध्ये खाटेवर पडून आहे, स्वीडिश नावं एकमेकांत मिसळतात, मध्येच हेरखात्याचा इतिहास सुरू होतो. थरार गेला कुठे? नेटाने पुढे वाचू की सोडून देऊ?"

सोडू नका. पण दुसरं पुस्तक ज्या वेगाने वाचलंत त्याच वेगाने हे वाचायला गेलात तर पुन्हा अडाल. रहस्यकथांचं संपादन आणि परीक्षण हे माझं कित्येक वर्षांचं काम आहे, आणि या त्रयीबद्दल वाचकांची सगळ्यात जास्त तक्रार येते ती नेमकी याच टप्प्यावर. तक्रार खरी आहे. तिचं कारण मात्र पुस्तक रटाळ आहे हे नाही. वाचक चुकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधत असतो, म्हणून अडतो.

पहिल्या पुस्तकात आपण विचारत होतो, हॅरिएट वँगरचं काय झालं? दुसऱ्यात विचारत होतो, खून कोणी केले, आणि नायिका लिस्बेथ सालांडरच्या लहानपणी असं काय घडलं की त्याचा उल्लेखही कुठे सापडू नये? दुसरं पुस्तक संपतं तेव्हा ही सगळी उत्तरं आपल्याकडे असतात. बाप कोण, त्याने काय केलं, त्याला कोणी पाठीशी घातलं, हे आपल्याला कळलेलं असतं. तिसऱ्या पुस्तकात शोधायला गुन्हेगार उरतच नाही. उरतो तो एकच प्रश्न: आपल्याला जे ठाऊक आहे ते कोर्टात, कागदावर, चारचौघांत सिद्ध कसं व्हायचं? आणि ज्यांनी ते दडपलं त्यांच्या हातात पोलीस, डॉक्टर, सरकारी वकील असे सगळे असताना? हा खंड पाठलागाचा नाही, खटल्याचा आहे. एकदा हे पक्कं धरलं की खाटेवर पडलेली नायिका खटकत नाही.

आधी एक काम करा. दुसऱ्या पुस्तकाची शेवटची दोन-तीन प्रकरणं, म्हणजे सालांडर गोसेबर्गाच्या त्या शेतघरावर पोहोचते तिथपासून, पुन्हा वाचा. दुसरं आणि तिसरं पुस्तक ही खरं तर एकच कादंबरी आहे, दोन बांधण्यांत विभागलेली. तिसऱ्याचं पहिलं पान दुसऱ्याच्या शेवटच्या पानानंतर काही तासांनी सुरू होतं. डोक्यात गोळी घेऊन, जिवंत पुरलेली ती मुलगी सिगारेटच्या डबीने माती उकरत वर येते, हा प्रसंग ताजा असेल तरच गॉथेनबर्गच्या साल्ग्रेन्स्का हॉस्पिटलमधली तिची स्तब्धता नीट कळते. मध्ये सहा महिने गेले असतील तर तिसरं पुस्तक थंड वाटणारच.

आता सुरुवातीचीच पानं पुन्हा उघडा, कारण माझ्या मते सबंध पुस्तक तिथे आहे. दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. एकीकडे 'मिलेनियम' मासिकाचा पत्रकार मिकाएल ब्लूमक्विस्ट. त्याने सालांडरच्या बापाचा हस्तक नीडरमान याला पकडून रस्त्याच्या कडेला खांबाला बांधून ठेवलंय आणि तो पोलिसांना जीव तोडून सांगतोय की हा माणूस अतिशय धोकादायक आहे, पुरेशी हत्यारबंद कुमक पाठवा. तिथला पोलीस अधिकारी त्याचं ऐकत नाही. उलट त्यालाच बेड्या घालतो आणि नीडरमानला आणायला दोन साधे पोलीस पाठवतो. त्याचा परिणाम तुम्ही वाचला आहेच. दुसरीकडे, त्याच रात्री, डॉ. आंदेर्स योनासन. सालांडरच्या मेंदूतली गोळी काढायची आहे, आणि हा अनुभवी सर्जन काय करतो? थांबतो. गावात असलेल्या एका अमेरिकन तज्ज्ञाला झोपेतून उठवून बोलावून घेतो, त्याचं मत विचारतो, आणि मगच शस्त्रक्रियेला हात घालतो.

अधिकार असलेला एक माणूस ऐकत नाही आणि माणसं मरतात. दुसरा विचारतो, ऐकतो, आणि एक जीव वाचतो. पुढची पाचशे पानं याच कसोटीवर चालतात. नवीन पात्र आलं की त्याचं पद लक्षात ठेवत बसू नका, एवढंच बघा: हा माणूस ऐकणारा आहे की न ऐकणारा? सरकारी वकील एकस्ट्रॉम, पोलीस इन्स्पेक्टर बुब्लान्स्की, मानसोपचारतज्ज्ञ टेलेबोरियान, सुरक्षा पोलिसांच्या राज्यघटना-संरक्षण विभागाचा एडक्लिंथ, प्रत्येकाला या एका प्रश्नावर तोलता येतं. लार्सनने ही मांडणी कुठेही उघड करून सांगितलेली नाही, आणि मला ती त्याची सगळ्यात मोठी करामत वाटते.

याला जोडूनच सालांडरचं मौन. ती खाटेवर पडून आहे, काहीच करत नाही, अशी तक्रार होते. ती करते. ती कोणाशी बोलायचं आणि कोणाशी नाही हे ठरवते. लहानपणी ती पोलिसांना, डॉक्टरांना, समाजसेवकांना सगळं सांगत होती आणि कोणी ऐकत नव्हतं. त्यानंतर तिने तोंड मिटलं. टेलेबोरियानशी तर तिने शब्दही बोलायचा नाही हे मुलगी असतानाच ठरवलं. आता योनासनशी ती बोलते. वकील आनिका जियानिनीशी आधी जेमतेम, मग थोडं थोडं. हॉस्पिटलमधला प्रत्येक प्रसंग वाचताना ती किती शब्द बोलली आणि कोणाशी, याकडे लक्ष ठेवा. दुसऱ्या पुस्तकातल्या मारामारीइतकाच ताण त्यात आहे. तीच खोली, तोच कॉरिडॉर, आणि दोन दारं सोडून पलीकडे तिचा बाप. पहिला भाग ८ ते १२ एप्रिल एवढाच आहे, अवघे पाच दिवस. तुम्ही जवळपास तो संपवून थांबला आहात, म्हणजे सगळ्यात दाटीचा भाग मागे पडलाय.

दुसरी गोष्ट म्हणजे कागद. नेहमीच्या थ्रिलरमध्ये आपण बंदूक कोणाकडे आहे ते पाहतो. इथे अहवाल कोणाकडे आहे ते पाहायचं. १९९१चा तो पोलीस तपासाचा अहवाल आठवतो ना, बारा वर्षांच्या मुलीने बापावर पेट्रोल का फेकलं याची खरी हकीकत ज्यात होती तो? मूळ प्रत कोणाकडे, झेरॉक्स कोणाकडे, कोणाला वाटतंय की आता एकही प्रत शिल्लक नाही, आणि ते खरं आहे का? ब्लूमक्विस्टच्या घरात चोरी होते, जियानिनीवर भररस्त्यात हल्ला होतो, तो या कागदासाठीच. त्याच्या जोडीला टेलेबोरियानचे वैद्यकीय अहवाल, पालकत्वाची कागदपत्रं, आणि पहिल्या पुस्तकातली ती डीव्हीडी, जी बहुतेक वाचक विसरलेले असतात. तुम्ही विसरू नका. एका कोऱ्या कागदावर डाव्या बाजूला या चार-पाच वस्तू लिहा आणि त्या हातातून हातात जातात तशी नोंद करत चला. पात्रांची यादी करण्यापेक्षा याचा उपयोग फार जास्त होतो.

पात्रांसाठी वेगळा उपाय आहे. स्टॉकहोमचा नकाशा एकदा डोळ्यांखालून घाला आणि तीन भाग लक्षात ठेवा. सोडरमाल्म हे दक्षिणेचं बेट: 'मिलेनियम' मासिकाचं ऑफिस, ब्लूमक्विस्टचं घर, सालांडरची घरं, सगळं तिथे. कुंग्सहोल्मेनवर पोलीस मुख्यालय: बुब्लान्स्की, सोनिया मोडिग, आणि सुरक्षा पोलीस म्हणजे सेपो. ऑस्टरमाल्म, श्रीमंतांची जुनी वस्ती: तिथे आर्टिलेरीगातान रस्त्यावरच्या एका फ्लॅटमध्ये 'सेक्शन' या हेरखात्यातल्या छुप्या टोळीचं गुप्त ऑफिस. गुलबर्ग, क्लिंटन, वाडेन्शो, न्युस्ट्रॉम ही म्हातारी-प्रौढ मंडळी या शेवटच्या गटातली. प्रसंग कुठल्या रस्त्यावर घडतोय हे लार्सन जवळजवळ दर वेळी सांगतो. आपल्याला ते पाल्हाळ वाटतं, पण स्वीडिश वाचकाला रस्त्याच्या नावावरून कळतं की आपण कोणाच्या गोटात आहोत. नकाशा पाहिला की आपल्यालाही कळायला लागतं. आडनावं गोंधळात टाकतात हे खरं, पण पत्ता गोंधळात टाकत नाही.

आता तो इतिहास. इथे मात्र घाई करू नका, कारण 'सेक्शन' ही कल्पना हास्यास्पद वाटली तर सगळा डोलारा कोसळतो. स्वीडनसारख्या देशात सरकारलाही माहीत नसलेली गुप्त टोळी? लार्सनचा मूळ वाचक हे सहज मानायला तयार होता, कारण त्याने खऱ्या आयुष्यात बरंच काही पाहिलेलं होतं. १९६३मध्ये हवाई दलातला कर्नल स्टीग वेनरस्ट्रॉम सोव्हिएत हेर म्हणून पकडला गेला आणि संशयाचं वातावरण पसरलं. १९७३मध्ये यान गिलू आणि पेटर ब्राट या पत्रकारांनी 'आयबी' नावाची गुप्त यंत्रणा उघडकीस आणली, जी देशातल्याच डाव्या मंडळींवर पाळत ठेवत होती. तुरुंगात गेले ते पत्रकार. २८ फेब्रुवारी १९८६ला पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा स्टॉकहोमच्या रस्त्यावर खून झाला. दोन वर्षांनी निष्पन्न झालं की एब्बे कार्लसन नावाचा एक पुस्तक-प्रकाशक त्या खुनाचा खासगी समांतर तपास करत होता आणि त्याला वरून आशीर्वाद होता. त्या प्रकरणात १९८८मध्ये न्यायमंत्री आना-ग्रेटा लेयोन यांना राजीनामा द्यावा लागला. यातली बरीच नावं कादंबरीत येतात. ती खरी आहेत हे लक्षात ठेवून वाचलं की कथेतला कल्पित भाग कुठे सुरू होतो ते दिसतं, आणि ती सीमा किती बारीक आहे हेही.

सालांडरचा बाप झालाचेन्को स्वीडनमध्ये येतो ते वर्ष १९७६, हेही उगाच निवडलेलं नाही. त्या वर्षीच्या निवडणुकीत चार दशकांहून अधिक काळ सत्तेत असलेले सोशल डेमोक्रॅट हरले आणि थोर्ब्यॉर्न फेल्दिन पंतप्रधान झाले. सत्ताबदलाच्या त्या गोंधळात नव्या सरकारला कोण काय सांगतं आणि काय लपवतं, यावर कथेचं एक टोक बांधलेलं आहे.

लार्सन स्वतः कादंबरीकार म्हणून जगलेला माणूस नव्हे. वृत्तसंस्थेत काम केलेला, अतिउजव्या संघटनांचा अभ्यासक, १९९५मध्ये सुरू झालेल्या 'एक्स्पो' या मासिकाच्या संस्थापकांपैकी एक. पुस्तकाचा मधला भाग शोधपत्रकाराच्या टिपणासारखा वाटतो, कारण लिहिणाऱ्याची मूळ सवयच ती आहे. मला तो भाग आवडतो. पुरावा कसा जमवायचा, बातमी कोणत्या दिवशी छापायची, कोणाला आधी सांगायचं आणि कोणाला शेवटपर्यंत नाही, याचे इतके नेमके तपशील थ्रिलरमध्ये क्वचित मिळतात. त्यामागे स्वीडनचे कायदे आहेत. तिथला वृत्तपत्र-स्वातंत्र्याचा पहिला कायदा १७६६चा. बातमीदाराचा स्रोत कोण हे सरकारी यंत्रणेने शोधायचा प्रयत्न करणंच तिथे बेकायदा ठरतं. प्रत्येक नियतकालिकाला एक जबाबदार प्रकाशक नेमावा लागतो आणि छापलेल्या मजकुराचं उत्तर कायद्याने तोच देतो. संपादक एरिका बर्गरने 'मिलेनियम' सोडणं ही साधी नोकरी बदलण्याची गोष्ट का नाही, ते यावरून उमगेल.

सालांडरच्या कायदेशीर स्थितीबद्दलही दोन वाक्यं. स्वीडनमध्ये १९८९पासून सज्ञान माणसाला पूर्णपणे 'अज्ञान' ठरवता येत नाही. त्याऐवजी त्याचे व्यवहार पाहणारा एक प्रशासक नेमला जातो. ऐकायला सौम्य वाटतं. पण आपल्याच पैशाला हात लावायला दुसऱ्याची परवानगी लागावी, आणि तो दुसरा तिच्यावर अत्याचार करणाऱ्या ब्युरमानसारखा असावा, म्हणजे काय ते आपण पहिल्या पुस्तकात पाहिलंच. तिसऱ्या पुस्तकातला खटला गुन्ह्यांचा दिसतो, पण खरा वाद याच गोष्टीचा आहे: या बाईचं म्हणणं माणसाचं म्हणणं म्हणून धरायचं की रुग्णाचं? खटला चालतो तो जिल्हा न्यायालयात, जिथे एका न्यायाधीशाबरोबर सर्वसामान्य नागरिकांमधून नेमलेले सहन्यायाधीश बसतात. अमेरिकन सिनेमातल्या ज्युरीची भाषणबाजी तिथे शोधू नका. जियानिनी शांतपणे, एकेक कागद पुढे ठेवत जाते. ती स्त्रियांच्या हक्कांच्या खटल्यांत मुरलेली वकील आहे, फौजदारीतली नव्हे, आणि समोरची बाजू तिला याचमुळे कमी लेखते. बस, एवढंच सांगते.

कुठे भरभर जायचं तेही सांगते, कारण सगळं सारखंच मोलाचं आहे असं मी म्हणणार नाही. एरिका बर्गर मोठ्या दैनिकात संपादक म्हणून जाते आणि तिथे तिला निनावी घाणेरडे संदेश येऊ लागतात, हे उपकथानक लांबलंय. विषयाच्या दृष्टीने ते योग्य जागी आहे, कारण सत्ता आणि पद असलेल्या बाईलाही काय सोसावं लागतं ते त्यात दिसतं. पण मुख्य धाग्याला त्याचा आधार फारसा नाही. तिथे पानं पटापट उलटलीत तरी चालेल. यंत्रांची मॉडेलं, घरातल्या फर्निचरचे तपशील, कोणी किती वाजता कॉफी घेतली, यावरूनही नजर नुसती फिरवा. एक अपवाद ठेवा. पुढे लवकरच एक छोटा हातात मावणारा कॉम्प्युटर हॉस्पिटलमध्ये पोहोचवायची वेळ येईल, आणि त्यात तिथल्या एका सफाई कामगाराचा वाटा असेल. तो प्रसंग सावकाश वाचा. ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही अशी माणसं या पुस्तकात कामाला येतात, आणि तिथून पुढे वेग बदलतो.

चार भागांच्या सुरुवातीला लढणाऱ्या स्त्रियांबद्दलची छोटी टिपणं आहेत: अमेरिकेच्या यादवी युद्धात पुरुषवेशात लढलेल्या बायका, प्राचीन अ‍ॅमेझॉन, दाहोमीच्या स्त्री-सैनिक. पुष्कळ वाचक ती गाळतात. गाळू नका. टिपण वाचल्यावर त्या भागात कोणती स्त्री पुढे येते ते बघा: सालांडर, जियानिनी, बर्गर, सेपोतली मोनिका फिगेरोला, सोनिया मोडिग. नायिका एकटी नाही हे सांगण्याची लार्सनची ती पद्धत आहे.

अंधाराबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही तो उल्लेख केला नसला तरी वाचन अडण्यामागे कधीकधी तेही असतं. पहिल्या दोन पुस्तकांतले लैंगिक अत्याचाराचे प्रसंग मनात साचून राहतात आणि तिसरं उघडताना मन नकळत आखडतं. या खंडात तसे प्रत्यक्ष प्रसंग कमी आहेत. हिंसा आहे ती फायलीच्या भाषेत. एका मुलीला चामड्याच्या पट्ट्यांनी खाटेला बांधून अंधाऱ्या खोलीत ठेवल्याची गोष्ट 'उत्तेजनरहित उपचार' असल्या शब्दांत लिहिली जाते. टेलेबोरियान बोलायला लागला की मला ब्युरमानपेक्षा जास्त भीती वाटते, कारण त्याचा आवाज चढत नाही आणि त्याचं बोलणं बाकीच्यांना पटतं. अशा पानांनंतर पुस्तक एक दिवस बाजूला ठेवावंसं वाटलं तर जरूर ठेवा. मात्र प्रसंगाच्या मध्यावर ठेवू नका, प्रकरण संपवून ठेवा. अर्धवट सोडलेला प्रसंग जास्त छळतो.

वाचायची पद्धतही बदला. रोज झोपताना दहा पानं, हा प्रकार या पुस्तकाला मानवत नाही, कारण एका दिवसाच्या घटना चार-पाच गोटांतून सांगितलेल्या असतात आणि धागा तुटतो. प्रकरणाच्या डोक्यावर तारीख दिलेली असते. एका तारखेचा मजकूर एका बैठकीत संपवा. चौथा भाग १ जुलैपासून सुरू होतो. तो सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवा, कारण खटला सुरू झाल्यावर तुम्हाला उठवणार नाही.

पुस्तकात दोषही आहेत. चांगल्या बाजूच्या माणसांना जरा जास्तच सगळं जमतं, आणि ब्लूमक्विस्टच्या प्रेमात पडणाऱ्या स्त्रियांची रांग या खंडातही संपत नाही. हे मला आजही खटकतं. पण ज्या मुलीचं कोणी ऐकलं नाही तिचं म्हणणं अखेर भर कोर्टात शब्दाशब्दाने वाचलं जावं, यासाठी लेखकाने दोन पुस्तकं पाया रचला, आणि तो पाया त्या दृश्याचं वजन पेलतो. माझ्या वाचनात गुन्हेकथेच्या त्रयींचे शेवट पुष्कळदा बंदुकीच्या आवाजात विरून जातात. हा तसा विरत नाही.

निकाल लागला की पुस्तक मिटू नका. त्यानंतर उपसंहार आहे, आणि तो नावापुरता नाही. दुसऱ्या पुस्तकातला जो वेग तुम्ही शोधताय तो तिथे पुन्हा सापडेल.

आणि काही धागे सुटेच राहिले असं वाटेल, विशेषतः जुळी बहीण कामिला. दुसऱ्या पुस्तकात तिचं नाव इतक्या ठळकपणे येतं आणि इथे ती येतच नाही. तो तुमच्या वाचनातला दोष नाही. लार्सनने ही मालिका तीनवर थांबवायचं ठरवलं नव्हतं. ९ नोव्हेंबर २००४ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला, तेव्हा पहिलं पुस्तकही बाजारात आलेलं नव्हतं. झालाचेन्कोची गोष्ट या खंडात पुरी होते, सालांडरची होत नाही. २०१५पासून डेव्हिड लागरक्रांट्झ यांनी ही पात्रं घेऊन पुढची पुस्तकं लिहिली आणि कामिलाला त्यांनी मध्यावर आणलं. ती वाचायची असतील तर तिसरं संपल्यावर लगेच हातात घेऊ नका. हात वेगळा आहे, आणि लागोपाठ वाचलं तर त्यांच्यावरही अन्याय होतो.